पाचट, शेण आणि गांडूळ: बेड भरण्यापासून खत चाळण्यापर्यंत

ऊस तुटून गेला की एकरी तीन ते चार टन पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, रानात उरते. खोडवा (त्याच बुडख्यांतून फुटणारा पुढचा ऊस) ठेवणार असाल तर ते सरीतच आच्छादन म्हणून कुजू द्या. त्यासाठी गांडुळांचा खटाटोप करायची गरज नाही. पण ऊस मोडून दुसरे पीक घ्यायचे असेल, बांधावर सोयाबीनचे भुसकट आणि तुरीची धसकटे साठली असतील, गोठ्यात दोन-चार जनावरे असतील आणि उकिरड्याचे खत दरवर्षी अर्धकच्चेच रानात जात असेल, तर गांडूळखताचा बेड हा त्यावरचा कामाचा उपाय आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की समजून घ्यायची. गांडूळ कचरा कुजवत नाही, कुजलेला कचरा खाते. त्याला दात नसतात. बुरशी आणि जिवाणूंनी पोखरून मऊ केलेला ओला पदार्थ ते तोंडाने ओढून घेते आणि पोटातल्या पेषणीत मातीच्या बारीक कणांच्या मदतीने दळते. कोरडे पाचट किंवा ताजे शेण त्याच्यापुढे टाकले तर पहिले उपाशी मारते आणि दुसरे भाजून मारते. बहुतेक बेड पहिल्या वीस दिवसांत फसतात ते याच कारणाने. म्हणून या लेखात गांडुळांआधीच्या कामालाच जास्त जागा दिली आहे.

कोणते गांडूळ

पावसात शेतात दिसणारी गांडुळे गोळा करून बेडमध्ये सोडू नका. ती मातीत खोल बिळे करून राहणारी, माती खाणारी असतात. निव्वळ शेण-पाचटाच्या ढिगात ती टिकत नाहीत, आणि शेतातून काढली की तिथलेही काम थांबते. खतासाठी पृष्ठभागावर, कुजणाऱ्या पालापाचोळ्यात राहणारी जात लागते.

महाराष्ट्रात सगळ्यात जास्त वापरली जाते ती आयसेनिया फेटिडा. तांबूस, अंगावर फिकट पिवळसर वळ्या, लांबी सहा ते दहा सेंटीमीटर. थंडी-उन्हाचा चढउतार बऱ्यापैकी सोसते आणि बेड सोडून फारशी जात नाही. पहिल्यांदा सुरुवात करणाऱ्याने हीच घ्यावी. युड्रिलस युजेनी ही आफ्रिकन जात आकाराने मोठी, जांभळट-करड्या चकाकीची. ती खाते भराभर, पण थंडी तिला मानवत नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा खाली जाणाऱ्या भागात तिची वाढ रोडावते. पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस आपल्याकडच्या दमट हवेत चांगली वाढते, पण फार चंचल. पावसाळ्यात एका रात्रीत अर्धा बेड रिकामा करून जाण्याचा तिचा लौकिक आहे.

विकत घेताना एक खोच लक्षात ठेवा. 'कल्चर' म्हणून जे किलोवर मिळते त्यात बऱ्याचदा निम्म्याहून जास्त वजन शेणाचे असते. निव्वळ गांडुळांचा भाव ठरवा. पिशवीतला ओंजळभर माल वर्तमानपत्रावर पसरून बघा. आयसेनियाच्या पूर्ण वाढलेल्या गांडुळांचे एका किलोत साधारण हजार ते दीड हजार नग बसतात. अंगावर पुढच्या भागात जाडसर पट्टा दिसतो ते प्रौढ, म्हणजे अंडकोष (अंडी असलेल्या बारीक पिशव्या) घालणारे. पट्टेवाली आणि लहान अशी दोन्ही असावीत. सगळीच लहान असतील तर प्रजेसाठी महिना-दीड महिना थांबावे लागेल. नेताना ओलसर जुन्या शेणात, गोणपाटात बांधून, शक्यतो रात्री किंवा पहाटे न्या. प्लास्टिकची बंद पिशवी दुपारी गाडीच्या डिकीत ठेवली तर घरी पोचेपर्यंत त्यातली गांडुळे मेलेली असतील.

गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळे होतात ही समजूत मनातून काढून टाका. फार तर डोक्याकडचा तुकडा कधीकधी जगतो. म्हणूनच बेडमध्ये खुरपे आणि फावडे चालवायचे नाही. हाताने किंवा बोथट दातांच्या दाताळ्याने काम करायचे.

जागा आणि बेड

सावली, पाण्याची सोय आणि पाणी न साचणारी जमीन, एवढ्या तीन गोष्टी बघा. गोठ्याजवळ जागा असेल तर शेण वाहण्याचे कष्ट वाचतात. आंबा, चिंच अशा दाट झाडाखाली बेड चालतो, पण पावसाळ्यासाठी वर छप्पर हवेच. पाचटाचे किंवा गवताचे छप्पर पत्र्यापेक्षा थंड राहते. पत्राच घालायचा असेल तर तो किमान आठ फूट उंच ठेवा आणि त्यावर पाचट पसरा. पश्चिमेच्या बाजूने दुपारचे ऊन तिरपे आत येते. तिथे शेडनेट किंवा गोणपाटाचा पडदा लावा.

बाजारात तयार मिळणारा प्लास्टिक कापडाचा बेड बहुधा १२ फूट लांब, ४ फूट रुंद आणि २ फूट उंच असतो. तो घ्या, नाहीतर विटांचा हौद बांधा, किंवा जमिनीवर नुसता ढीग लावा. खत तिन्हींत सारखेच होते. लांबी कितीही चालेल, पण रुंदी चार फुटांच्या पुढे नको, कारण दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे. उंची दोन फुटांपेक्षा जास्त केली की तळाला हवा जात नाही आणि मध्यभाग तापतो. बेडच्या लांबीत एका टोकाला दोन-तीन इंचांचा उतार द्या आणि त्या टोकाला निचऱ्याचे पाणी पडायला घमेले किंवा बादली ठेवा. हौद सिमेंटचा असेल तर तळाशी भोक हवेच. नवे सिमेंट असेल तर हौद आठवडाभर पाण्याने भरून ठेवा आणि ते पाणी ओतून द्या, कारण ताज्या सिमेंटमधला चुना गांडुळांना सोसत नाही.

आधी कुजवणे

पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी कमी. शिवाय पानावर मेणचट थर आणि आत सिलिका. त्यामुळे ते आपणहून कुजायला महिनोन्‌महिने घेते. ते कडबाकुट्टीतून काढून दोन-तीन इंचांचे तुकडे करा. कुट्टी यंत्र नसेल तर त्याहून सोपा मार्ग म्हणजे पाचट आठ-दहा दिवस गोठ्यात जनावरांखाली अंथरणे. जनावरे तुडवतात, मूत्र मुरते, शेण मिसळते, आणि तुमचे निम्मे काम परस्पर होते.

एक टन कोरड्या पाचटाला आपल्याकडे सर्रास सांगितले जाणारे प्रमाण आहे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धन. सेंद्रिय शेती करणाऱ्यांनी युरियाऐवजी गोमूत्र, शेणकाला आणि गिरिपुष्पाचा हिरवा पाला वापरावा. वेळ थोडा जास्त लागेल, एवढाच फरक. युरिया वापरला तरी तो फक्त या कुजवण्याच्या ढिगात. बेडमध्ये गांडुळे सोडल्यानंतर युरियाचा एक दाणाही नको, कारण त्यातून सुटणारा अमोनिया त्यांची त्वचा जाळतो, आणि गांडूळ त्वचेनेच श्वास घेते.

ढीग सहा फूट रुंद आणि चार फूट उंच रचा. आठ-नऊ इंच पाचट, त्यावर शेणकाला, त्यावर खत आणि संवर्धन भुरभुरून पुन्हा पाचट, असे थर लावा. पाणी किती लागते याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. एक टन कोरडे पाचट साठ टक्के ओलाव्याला आणायला दीड हजार लिटर पाणी लागते. ते एकदम ओतले तर मेणचट पानांवरून वाहून जाते. निम्मे थर लावताना आणि उरलेले पुढच्या दोन-तीन दिवसांत थोडे-थोडे द्या. शेवटी ढीग शेणमातीने लिंपा किंवा जुन्या ताडपत्रीने झाका.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढीग चांगला तापतो, आतले तापमान पंचावन्न-साठ अंशांच्या वर जाते. ही उष्णता हवीच. तिच्याने तणांचे बी आणि रोगांचे जंतू मरतात. गांडुळाच्या पोटातून तणाचे बी बरेचदा जिवंतच बाहेर पडते, त्यामुळे ज्याने हा टप्पा टाळला त्याच्या खतातून गाजरगवत उगवते. गाजरगवत फुलावर यायच्या आत उपटून टाकले तर ते उत्तम हिरवे खाद्य आहे. लव्हाळ्याच्या गाठी आणि हराळीची मुळे मात्र ढिगात घालूच नका. काठावरच्या थंड भागात ती जिवंत राहतात.

बारा ते पंधरा दिवसांनी पहिली पलटी द्या, म्हणजे बाहेरचे आत आणि आतले बाहेर. कोरडे दिसेल तिथे पाणी मारा. पंचविसाव्या ते तिसाव्या दिवशी दुसरी. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत पाचट काळपट तपकिरी होते आणि हाताने ओढले की तुटते. सोयाबीनचे भुसकट वीस-पंचवीस दिवसांत इथवर येते, ओले तण आणि भाजीपाल्याचे देठ दहा-पंधरा दिवसांत.

ढीग थंड झाला का, हे बघायला लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटे ठेवा. बाहेर काढून मुठीत धरा. चटका बसला तर गांडुळे सोडायची नाहीत. कोमट लागली तरी अजून आठवडा थांबा.

एक टन कोरड्या पाचटापासून अर्धवट कुजलेला ओला माल साधारण दीड-पावणेदोन टन मिळतो. तो तीन बेडना पुरतो.

शेणाचेही तसेच. ताजे शेण पंधरा दिवस सावलीत पसरून, एकदा वरखाली करून वापरा. जनावरांना जंताचे औषध दिले असेल तर पुढचे दोन-तीन आठवडे त्यांचे शेण वेगळे ठेवा. आयव्हरमेक्टिनसारखी औषधे शेणातून बाहेर पडतात. शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्या कडक असतात, त्या आठवडाभर भिजवून फोडून घ्या. कोंबडीखत जपून वापरा. त्यात अमोनिया आणि क्षार दोन्ही जास्त असतात, त्यामुळे कुजवून झाल्यावरही एकूण मालाच्या दहाव्या हिश्श्याच्या पुढे जाऊ नका.

इतर काही मालाबद्दल थोडक्यात. केळीचा खुंट चिरून तीन-चार दिवस सुकवून टाका. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते, तसाच घातला तर बेडचा चिखल होतो. सुकवलेला खुंट गांडुळांना फार आवडतो आणि खतात पालाश वाढवतो, म्हणून जळगावकडे याच्याइतका चांगला माल नाही. साखर कारखान्याचे प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेली मळी) उत्तम, पण ते आतून धगधगत असते. महिनाभर पसरून, भिजवून थंड झाल्यावरच घ्या. काजूची बोंडे आंबट, ती थोडी आणि कुजवूनच. सडका कांदा एकदम ढिगाने नको. द्राक्षबागेच्या छाटणीच्या काड्यांबद्दल विशेष सावध राहा. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातले तांबे काडी-पाल्यावर राहते, ते कुजत नाही, आणि गांडुळांना तांबे सोसत नाही. नाशिक-सांगलीकडे बागेचाच पाला वापरून गांडुळे का वाढत नाहीत, याचे उत्तर बऱ्याचदा हेच असते.

बेड भरणे

१२×४ फुटांच्या बेडमध्ये दीड फूट उंचीपर्यंत साधारण एक ते सव्वा टन ओला माल बसतो.

तळाला तीन-चार इंच जाडेभरडे साहित्य घाला, म्हणजे तुरीची धसकटे, नारळाच्या शेंड्या किंवा न चिरलेले पाचट. हे खतासाठी नाही, पाणी निथळायला आणि हवा खेळायला आहे. त्यावर दोन इंच जुने, भुसभुशीत शेणखत. मग अर्धकुजके पाचट-भुसकट आणि थंड झालेले शेण वजनाने निम्मे-निम्मे घेऊन बाहेरच नीट कालवून भरा. थर लावण्यापेक्षा कालवलेले बरे, कारण शेणाचा जाड थर एका जागी पडला की तेवढाच भाग पुन्हा तापतो. पाच-सहा घमेली चाळलेली शेतातली माती त्यात मिसळा. पेषणीत दळायला ते कण लागतात. माती फार झाली तर खत जड होते आणि विकताना गिऱ्हाईक नाक मुरडते.

भरून दोन दिवस नुसते पाणी मारा आणि मग चाचणी घ्या. एका कोपऱ्यात वीस-पंचवीस गांडुळे सोडा. पाव तासात ती खाली शिरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उकरल्यावर तिथेच टवटवीत सापडली, तर बेड तयार. वरच घुटमळली, कडेला पळाली किंवा मेली, तर आत उष्णता किंवा अमोनिया आहे. माल वरखाली करून चार-पाच दिवस थांबा. या चाचणीला खर्च काही नाही, आणि ती न केल्याने हजारो रुपयांची गांडुळे गेल्याची उदाहरणे गावोगाव सापडतील.

गांडुळे किती? क्विंटलभर मालाला एक किलो, म्हणजे पूर्ण बेडला दहा-अकरा किलो. तेवढी विकत घेणे परवडत नसेल तर सगळा बेड भरायचा हट्ट धरू नका. बेडच्या एका टोकाला तीन फूट लांबीत माल भरून तीन किलो सोडा आणि संख्या वाढेल तसा बेड पुढे वाढवत न्या. थोडी गांडुळे मोठ्या बेडवर विखुरली की पहिली बॅच सहा महिने रखडते आणि माणूस कंटाळून नाद सोडतो.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर गांडुळे वर पसरा, हाताने खाली दाबू नका. उजेड टाळत ती आपणहून शिरतात. वर दोन पदरी ओले गोणपाट घाला. नवी जागा परकी वाटून पहिल्या रात्री ती बाहेर निघू पाहतात. पहिल्या दोन रात्री बेडवर एक दिवा चालू ठेवला तर राहतात.

पाणी

मूठभर माल घेऊन घट्ट दाबा. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर ओलावा बरोबर. धार लागली तर जास्त, हात नुसता दमट झाला तर कमी. रोज सकाळी ही एक गोष्ट केली की निम्मे प्रश्न उभेच राहत नाहीत. बेडच्या वरच्या थराची मूठ बघून फसू नका, अर्धा फूट खालचा माल काढून बघा. वरून कोरडा आणि खाली चिखल, हे दृश्य उन्हाळ्यात नेहमीचे.

उन्हाळ्यात सावलीतल्या या आकाराच्या बेडला दिवसाला वीस-तीस लिटर, म्हणजे दोन-तीन झाऱ्या पुरतात. ते दोन वेळांत विभागून, गोणपाटावरून द्या. पाइपची धार नको. हिवाळ्यात दिवसाआड, पावसाळ्यात गरज वाटली तरच. विदर्भ-खानदेशात मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असतात, आणि बेडमध्ये पस्तीसच्या वर गेले की गांडुळे मरू लागतात. तिथे उन्हाळ्यात बेडची उंची एका फुटावर आणा, बाजूंना ओले पडदे सोडा आणि ताजे खाद्य घालणे थांबवा, कारण खाद्य कुजताना आणखी उष्णता सोडते. शक्य असेल तर त्या भागात सुरुवातच पावसाळा संपता संपता करावी. कोकणात उलट. तिथे जून ते सप्टेंबर पाणी आत येऊ न देणे हेच मुख्य काम. बेड जमिनीपासून वर, छपराचे वळचण दोन फूट बाहेर आणि भोवती चर.

बिघाड आणि त्यांची कारणे

बेड बोलतो. बघायची सवय हवी, इतकेच.

गांडुळे झुंडीने कडांवर चढताना दिसली तर आत राहण्याजोगे उरलेले नाही. पाऊस लागून माल पाण्याने भरला असेल, ताजे शेण टाकल्याने तापला असेल किंवा आंबला असेल. गोणपाट काढा, दाताळ्याने वरचा अर्धा फूट सैल करा, निचऱ्याचे भोक मोकळे आहे का बघा. चिखल झाला असेल तर कोरडा, जुना पालापाचोळा किंवा भुसकट मिसळा. सगळी गांडुळे तळाला गोळा होऊन बसली असतील तर वर कोरडे किंवा गरम झाले आहे.

चांगल्या बेडला पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो. नासक्या अंड्यासारखा वास म्हणजे हवा नाही, पाणी जास्त. डोळ्यांत झोंबणारा वास म्हणजे अमोनिया, शेण कच्चे गेले. आंबूस, दारूसारखा वास आणि बरोबर बारीक माश्या म्हणजे फळांची साले किंवा शिजलेले अन्न जास्त झाले. शेवटच्या प्रकारात गांडुळांचे अंग कधीकधी मण्यांच्या माळेसारखे जागोजागी फुगलेले आणि आवळलेले दिसते. पिठासारखे, प्रथिनयुक्त खाद्य पोटात आंबल्याने हे होते. अशी गांडुळे वाचत नाहीत. ते खाद्य लगेच काढून टाका, बाकी माल हलवा आणि त्यावर दळलेल्या अंड्याच्या कवचाची मूठभर पूड भुरभुरा. आम्लता उतरते. लाल-तपकिरी, टाचणीच्या टोकाएवढे कोळी पृष्ठभागावर पसरतात तेही ओलावा आणि आंबटपणा वाढल्याची खूण. कलिंगडाची साल उपडी ठेवली की त्यावर गोळा होतात. ती साल उचलून लांब नेऊन टाकायची.

मुंग्या लागल्या तर बेड कोरडा पडला आहे असे समजा. आधी पाणी. बेडभोवती चार इंचांची चारी काढून त्यात पाणी ठेवले की बाहेरून येणाऱ्या थांबतात. कीटकनाशकाची पूड बेडभोवती टाकू नका. पाण्याबरोबर ती आत उतरते.

पांढुरकी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली जाड अळी सापडली तर लोक हुमणी (पिकांची मुळे खाणारी अळी) म्हणून घाबरतात. शेणाच्या ढिगात ती बहुतेक वेळा गेंडा भुंग्याची असते, आणि हा भुंगा नारळाला लागतो, म्हणून नारळाच्या बागेजवळ तर ती जास्तच महत्त्वाची. कोणतीही असो, हाताने वेचून नष्ट करा. शेणखत बेडमध्ये भरायच्या आधी पसरून चाळले तर ती तिथेच सापडते. घुशी आणि उंदरांसाठी तळाला बारीक जाळी, कोंबड्या आणि पाखरांसाठी वरून जाळी. कोंबड्या एका सकाळी किती गांडुळे खातात हे एकदा बघितले की माणूस जाळी लगेच आणतो.

कधीकधी काहीच बिघडलेले नसते आणि तरी खत होत नाही. अशा वेळी अंडकोष शोधा. दाण्यापेक्षा लहान, लिंबाच्या आकाराचे, सुरुवातीला पिवळसर आणि नंतर तांबूस होत जाणारे. आयसेनियाचे प्रौढ गांडूळ आठवड्याला दोन-चार अंडकोष घालते, तीन-साडेतीन आठवड्यांत त्यातून प्रत्येकी दोन-चार पिल्ले निघतात आणि ती दीड-दोन महिन्यांत प्रौढ होतात. मालात अंडकोष दिसत असतील तर थांबा. महिनाभरात एकही दिसला नाही तर खाद्यातच खोट आहे.

खत काढणे

दहा किलो गांडुळे सोडलेल्या बेडची पहिली बॅच अडीच-तीन महिन्यांत होते. संख्या वाढल्यावर पुढच्या बॅच दीड-दोन महिन्यांवर येतात. वरचा थर चहापत्तीसारखा दाणेदार, काळपट झाला आणि त्यात पाचटाचा आकार ओळखू येईना, की काढायला घ्या.

काढायच्या चार-पाच दिवस आधी पाणी बंद करा. वरचा भाग सुकतो, गांडुळे खाली जातात. मग वरचे चार-पाच इंच हाताने खरवडून बाजूला घ्या. पुन्हा दोन दिवस थांबा, पुन्हा तेवढेच. घाई असेल तर सगळा माल उजेडात, पण उन्हात नव्हे, ताडपत्रीवर शंकूच्या आकारात ओता. उजेड टाळत गांडुळे खाली सरकतात. अर्ध्या तासाने वरून खत काढत यायचे. शेवटी तळाशी गांडुळांचा गुंता उरतो, तो नव्या बेडला.

खत तीन-चार मिलिमीटरच्या जाळीतून चाळा. वर राहिलेले गठ्ठे, काड्या आणि न कुजलेले तुकडे फेकू नका. त्यात अंडकोष आणि जिवाणू दोन्ही असतात. चाळलेल्या खतातही बरेच अंडकोष जातात. ते परत हवे असतील तर खताच्या ढिगात जुन्या शेणाचे गोळे किंवा पिकलेल्या पपईच्या साली पुरून ठेवा, वीस-पंचवीस दिवसांनी पिल्ले त्यात जमा झालेली सापडतील.

एक टन मालातून चारशे ते पाचशे किलो खत मिळते. विकायचे असेल तर खत नियंत्रण आदेश, १९८५ मधली मानके बघा. ओलावा १५ ते २५ टक्के, सेंद्रिय कर्ब किमान १८ टक्के, नत्र किमान १ टक्का, आणि किमान ९० टक्के खत ४ मिलिमीटरच्या चाळणीतून जायला हवे. सावलीतच सुकवा. कडक उन्हात वाळवले की त्यातले जिवाणू मरतात आणि दगडासारखे गोळे होतात, जे पुढे पाणीही नीट शोषत नाहीत. विणलेल्या पोत्यात भरा. हवाबंद पिशवीत ओले खत भरले की दोन आठवड्यांत कुबट होते.

व्हर्मीवॉश, आणि जे व्हर्मीवॉश नाही ते

व्हर्मीवॉश म्हणजे गांडुळांच्या थरातून झिरपलेले, पिकावर फवारायचे पाणी. बेडच्या उताराखालच्या बादलीत जमणारे काळे पाणी व्हर्मीवॉश म्हणून विकले जाते. ते नुसता निचरा आहे. त्यात अर्धकुजके पदार्थ आणि शेणातले जंतू असू शकतात. ते परत बेडवर शिंपडा किंवा फळझाडांच्या आळ्यात ओता. कोथिंबीर-मेथीवर फवारू नका.

खरे व्हर्मीवॉश वेगळ्या पिंपात करतात. दोनशे लिटरच्या पिंपाला तळाशी नळ बसवा. दहा इंच विटांचे तुकडे किंवा खडी, त्यावर सहा-आठ इंच धुतलेली जाड वाळू, त्यावर थोडी माती आणि वर फूट-दीड फूट जुने शेण आणि कुजका पाला, त्यात किलो-दोन किलो गांडुळे. नळ उघडा ठेवून पंधरा-वीस दिवस रोज थोडे पाणी द्या. मग वर छिद्र पाडलेले मडके टांगून रात्रभर चार-पाच लिटर पाणी ठिबकू द्या. सकाळी नळातून चहाच्या रंगाचे, वास नसलेले पाणी मिळते. एक लिटर दहा लिटर पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारायचे. घाण वास आला तर पिंपात पाणी साचले आहे. ते फवारणीत घालू नका.

रानात टाकताना

गांडूळखताबद्दल बरीच अतिशयोक्ती चालते, म्हणून हिशेब मांडलेला बरा. एक टक्का नत्र धरले तर टनभर खतातून दहा किलो नत्र मिळते. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत सुमारे वीस किलो असते. म्हणजे नत्राच्या मापाने एक टन गांडूळखत म्हणजे अर्धी गोणी युरिया. नुसत्या नत्रासाठी हा उद्योग परवडत नाही. त्याची किंमत आहे ती सेंद्रिय कर्ब, जिवाणू, सूक्ष्म अन्नद्रव्ये आणि जमिनीची पाणी धरून ठेवण्याची ताकद यांत. पहिल्याच हंगामात रासायनिक खत पूर्ण बंद करू नका. माती परीक्षण करून टप्प्याटप्प्याने कमी करा.

शेतपिकांना एकरी दोन टन पेरणीआधी, शेवटच्या कुळवाच्या पाळीबरोबर मातीत मिसळून. तेवढे नसेल तर सगळ्या रानात विखरण्यापेक्षा पेरणीच्या ओळीत किंवा सरीत द्या. फळझाडांना वर्षाला पाच ते दहा किलो, बुंध्याला चिकटवून नव्हे, तर दुपारच्या सावलीच्या कडेला वीतभर खोल चर काढून, वरून माती ओढून. कुंडीला महिन्या-दीड महिन्याने दोन मुठी पुरे. रोपवाटिकेत माती तीन भाग आणि खत एक भाग. ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) किंवा ॲझोटोबॅक्टर (नत्र देणारे जिवाणू) मिसळायचे असेल तर ओलसर खतात कालवून आठवडाभर सावलीत गोणपाटाखाली झाकून ठेवा आणि मग टाका. खत रानावर उघडे पसरून दोन दिवस उन्हात ठेवायचे नाही. ज्या दिवशी टाकाल त्याच दिवशी मातीआड करा आणि ओल द्या.